तिसरा हप्ता

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. वीज कंपनीच्या भरारी पथकात माझी अर्धी नोकरी गेली. लोकांच्या घरी जायचं, मीटर बघायचं, आणि समोरच्यानं आग्रहानं चहा विचारला की समजायचं, इथं काहीतरी आहे. ज्याच्या घरात चोरी नसते तो चहा विचारत नाही, तो भांडतो. त्यामुळे बँकेत पिरजादे साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि न विचारता चहा सांगितला, तेव्हाच मी सावध झाले.

"अर्ज तसा झकास आहे," ते म्हणाले. गृहकर्जाचं टेबल त्यांच्याकडे होतं. "दोघांचे पगार चांगले, घराची कागदपत्रं स्वच्छ. फक्त मगदूम साहेबांचे तीन हप्ते चुकलेत. मोटरसायकलच्या कर्जाचे."

"आमच्याकडं मोटरसायकलच नाही," मी म्हणाले.

"आता नाही, वहिनी. पूर्वी होती."

मी भरतेशकडे बघितलं. माझा नवरा कागलच्या फाउंड्रीत तपासनीस आहे. ओतलेल्या लोखंडात आत कुठं पोकळी राहिली आहे का, हे तो दिवसभर शोधतो. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मात्र कधी काही सापडत नाही. त्या दिवशी त्यानं कप उचलला, तोंडापर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला.

"त्याला अकरा वर्षं झाली की," तो म्हणाला. "नंतर सगळे भरलेत मी. दंडासकट."

"भरलेत. पैसाही बाकी नाही. जुना काळ असता तर मी हा विषय काढलाच नसता." पिरजाद्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. हिरव्या ठिपक्यांच्या लांबलचक रांगेत सुरुवातीला तीन तांबडे ठिपके होते, लागोपाठच्या तीन महिन्यांचे. प्रत्येकाखाली एकच शब्द होता. ऐच्छिक.

जुना काळ म्हणजे आमच्या लग्नाच्या वेळचा. तेव्हा हप्ता चुकला की नोंद व्हायची, आणि ती नोंद हळूहळू म्हातारी व्हायची. गेल्या चार-सहा महिन्यांतला चुकलेला हप्ता दिसला तर बँक दारातूनच परत पाठवायची. दोन-तीन वर्षांपूर्वीचा असला तर नाक मुरडून, व्याज चढवून, जास्तीचे पैसे आधी भरायला लावून कर्ज द्यायची. आणि त्याहून जुना असला, मधले सगळे हप्ते वेळेवर गेले असले, तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. एकदा चुकलेला माणूस पुन्हा चुकला नाही, तर काळ त्याला माफ करायचा.

या माफीमागं दयाबिया काही नव्हती. बँकेला कारण माहीत नसायचं, एवढंच. नवरा दवाखान्यात होता म्हणून चुकलेला हप्ता आणि नवरा जुगारात बसला होता म्हणून चुकलेला हप्ता, दोन्ही सारखेच दिसायचे. कारण कळत नाही तिथं वाट बघण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून बँका वाट बघायच्या आणि त्या वाट बघण्यालाच लोक माफी म्हणायचे.

मग हेतुमापन आलं. कर्जाच्या अर्जावर सही करताना आपण त्याला संमती देतो. हे यंत्र त्या जुन्या महिन्यातल्या आपल्या सगळ्या खुणा गोळा करतं. खात्यात किती होते, पगार कधी आला, फोन कुठल्या गावात होता, औषधांच्या दुकानात किती गेले, हॉटेलात किती. त्या खुणांवरून तो महिना पुन्हा जसाच्या तसा उभा करतं आणि त्यात आपल्यासारखाच एक माणूस सोडतं. मग थोडाथोडा फरक करून तोच महिना हजारो वेळा चालवून बघतं. त्यातल्या बहुतेक वेळा त्या माणसालाही हप्ता भरणं जमलं नाही, तर आपण अगतिक होतो. अगतिकाचा हप्ता लगेच पुसला जातो, अगदी मागच्या वर्षीचा असला तरी. यामुळे आजारपणात बुडालेल्या कितीतरी लोकांना घरं मिळाली, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा तो माणूस हप्ता भरतो आणि आपण भरला नव्हता, असं निघालं, तर तो ऐच्छिक. आणि ऐच्छिक हप्ता कधीच जुना होत नाही. कारण कळल्यावर काळाचं काम संपलं.

आमच्या कोल्हापुरात लोक या यंत्राला सासू म्हणतात. हप्ता चुकला का, असं ती विचारत नाही. का चुकला, हे विचारते, आणि उत्तर तिला आधीच ठाऊक असतं.

"खुलासा देता येतो," पिरजादे म्हणाले. "साहेबांनी कारण सांगायचं. ते कारण घालून सासू... म्हणजे प्रणाली, तो महिना परत चालवून बघते. बसलं तर ठिपका हिरवा. पण महिनाअखेरच्या आत करा. बिल्डर त्यापुढं थांबणार नाही म्हणतोय."

बिल्डर थांबणार नव्हता आणि घरमालकही थांबणार नव्हते. राजारामपुरीतली आमची भाड्याची जागा पाडून तिथं दवाखाना होणार होता. कळंब्याच्या बाजूचा तो फ्लॅट आम्ही दोन वर्षं बघून बघून निवडला होता, बुकिंगचे पैसे भरले होते, चेलनानं, आमच्या मुलीनं, स्वतःच्या खोलीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

घरी येईपर्यंत मी गप्प राहिले. हे मला फारसं जमत नाही.

"कुठं गेले ते पैसे?" दार लावून मी विचारलं.

"राहू दे की. दुसरी जागा बघू भाड्यानं."

"भरतेश, मी काय विचारायलीय?"

"आणि मी काय सांगायलोय? मला खुलासा द्यायचा नाही." त्यानं शर्ट खुंटीला अडकवला आणि पंख्याचं बटण उगाच दोनदा दाबलं. "त्या यंत्रासमोर बसून मी काही सांगणार नाही. तुला घर पाहिजे तर तुझ्या एकटीच्या नावावर बघ."

एकटीच्या पगारावर त्या घराचा जिनासुद्धा आला नसता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. घर सोडायला तयार असलेला माणूस काहीतरी मोठं झाकतो आहे, हे माझ्या नोकरीनं मला शिकवलंय. ज्यांची मीटर चुकवून ओढलेली तार सापडते ते लोक दंड भरतात. भिंतीमागं काय आहे ते बघू नका म्हणणारे लोक नवीन मीटर घ्यायला तयार होतात.

मी महिने मोजून बघितले. अकरा वर्षांपूर्वीचे ते तीन महिने म्हणजे माझे सातवा, आठवा आणि नववा. मी बाळंतपणासाठी माहेरी होते. तो इथं एकटा होता. रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलास का विचारलं की म्हणायचा, भात टाकलाय. मला तेव्हा त्याची कीव यायची.

ग्राहकाला आपल्या घरचा जुना वीजवापर बघता येतो, त्यासाठी भरारी पथकात असावं लागत नाही. मात्र तो वाचायला आमच्यासारखी नजर लागते. सकाळी गिझरचा उंच खांब, मग मिक्सरची छोटी टोकं, दुपारी नुसता फ्रिज, संध्याकाळी दिवे आणि शेगडी. कुणाचंही मीटर पाच मिनिटं बघितलं की त्या घरात किती माणसं आहेत आणि कोण उशिरा उठतं, ते मी सांगते.

पहिले दोन महिने आमच्या घरात एक पुरुष एकटा राहत होता. तिसऱ्या महिन्यात कुणीच राहत नव्हतं. गिझर नाही, दिवा नाही, रात्रंदिवस फ्रिजची तेवढी धुगधुगी. जवळजवळ चार आठवडे असं. आणि मग एका संध्याकाळी इंडक्शनच्या शेगडीचा एक ठसठशीत उंचवटा. भात शिजायला लागतो तेवढाच वेळ. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गिझर, पुन्हा दिवे.

त्या काळात भरतेशला चहासुद्धा करता येत नव्हता, तरी मी त्याचा भात खरा मानला होता. मग आमच्या घरात येऊन शेगडी कुणी पेटवली? त्याआधी चार आठवडे तो कुठं झोपत होता? माझ्या पोटात त्याचं मूल लाथा मारत होतं आणि तो मला रोज सांगत होता, भात टाकलाय. मी चिडून आलेख बंद केला आणि पुन्हा उघडला.

पण मी त्याला मीटरचं सांगितलं नाही. संशयिताला आपल्याकडे काय आहे ते आधी दाखवायचं नसतं. मी एवढंच म्हणाले, "कारण सांगितलं नाहीस तर बाई होती असं मी समजेन."

त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "कारण ते बघ. हत्तीवर बसलंय."

तो माझ्या अप्पांचा फोटो. आमच्या गावात पंचकल्याणक महोत्सव झाला, त्या वर्षीचा, चेलना पोटात होती तेव्हाचा. आम्हा जैनांच्या या महोत्सवात तीर्थंकरांच्या जन्माचा सोहळा उभा करतात. त्यात इंद्र व्हायचा मान कुणाला, हे सवालावर ठरतं. भरमंडपात लोक आकडे बोलत जातात, ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो इंद्र. मुकुट घालून, हत्तीवर बसून मिरवणूक, मग देवाचा पहिला अभिषेक. सवाल घेणारे बहुधा साखरेचे नाहीतर सुताचे व्यापारी असतात. अप्पा कारखान्यात काटा क्लार्क होते. उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात आयुष्य गेलेला हा माणूस त्या दिवशी मंडपात उभा राहिला आणि सगळ्यांच्या वर बोलला. फोटोत ते पत्र्याच्या मुकुटात आहेत, शेजारी आई इंद्राणी होऊन बसली आहे, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जे आहे ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. पुढच्याच वर्षी आई गेली.

"बोलून बसले," भरतेश म्हणाला. "पैसे कुठनं आणणार? भरसभेत बोललेला सवाल मागं घेता येतो होय? ट्रस्टवाल्यांकडं मी परस्पर नेऊन दिले. सगळा पगार. अप्पांना सांगितलं की ट्रस्टनं बरीच सूट दिली. त्यांना अजून तेच वाटतंय."

"आणि हे मला अकरा वर्षं सांगितलं नाहीस."

"तू सांगितलं असतंस त्यांना. तुझ्या पोटात राहतं काय काही?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. आणि रागाच्या खाली संशय तसाच होता. ही कथा फार सोयीची होती. खरीखोटी करायची तर अप्पांना विचारायला हवं. विचारलं की म्हाताऱ्याच्या जन्माचा एकुलता एक मोठा दिवस जावयाच्या पैशानं झाला, हे त्यांना कळणार. म्हणजे मी विचारणार नाही. असा खुलासा मला एखाद्या वीजचोरानं दिला असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. शिवाय अप्पांच्या सवालानं घरातला गिझर कसा बंद पडतो, ते त्यात नव्हतंच.

रविवारी मी माहेरी गेले. शिरोळच्या बसला आता चालक नसतो, पण ती अजूनही आमच्या फाट्यावर थांबत नाही, पुढं नेऊन सोडते. अप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा सोलत होते.

"एकटीच आलीस? भरतेश बरा आहे नव्हं?"

"बरा आहे." मी शेंगा पुढं ओढल्या. मी आडून विचारायचं ठरवलं होतं. "अप्पा, तुम्ही सवाल बोललात तेव्हा आकडा आधी ठरवला होता का?"

"सवाल काय ठरवून बोलतात?" ते खुशीत आले. "तुझी आई बायकांच्यात बसलीती. ते पेठेतले शेटजी बोलले आणि माझ्याकडं बघून हसले. का हसले काय म्हाईत. माझ्या तोंडातनं आकडा गेला बघ. मंडप गप्प झाला. तुझ्या आईनं डोळे झाकून घेतले."

"मग पैसे?"

त्यांनी दोन शेंगा सोलून दाणे पाटीत टाकले, टरफलं दुसऱ्या बाजूला केली.

"भरतेशनं सांगितलं?"

माझा हात थांबला.

"त्याला वाटतंय मला ठाऊक नाही," अप्पा म्हणाले. "ट्रस्टच्या माणसानं आठ दिवसांत सांगितलं मला. म्हणाला, मगदूम जावई म्हणजे सोनं. मी गप्प बसलो. त्यानं माझं झाकलं, ते मी कशाला उघडू? अकरा वर्षं दिवाळीला येतोय, मुकुटाची गोष्ट मी सांगतोय आणि तो ऐकायलाय. त्याचा जीव त्यात सुखी आहे आणि माझाबी."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग बँकेचं सगळं सांगितलं, खुलाशाला दुसऱ्या कुणी फोनवरनं दुजोरा देऊ शकतं, हेही. अप्पांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मग मी सांगतो की त्या यंत्राला. लाव फोन. फक्त भरतेशला कळता कामा नये."

त्यांनी टोपी सारखी केली, फोन हातात धरला आणि मंडपात बोलले असतील तसे खणखणीत बोलले. नाव, गाव, सवाल मी बोललो, पैसे जावयानं भरले. यंत्रानं विचारलं, किती वेळा. "दोनदा," अप्पा म्हणाले. "तीन भागांत भरायचे होते. पहिले दोन त्यानं भरले. तिसरा माझ्या फंडातनं भरला. तेवढं तरी माझं आहे."

"तीनदा नव्हे?" मी हळूच विचारलं.

"दोनदा, बाळ. ते मी विसरेन काय?"

परतीच्या बसमध्ये मला बापाचा आणि नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की खिडकीबाहेरचा ऊससुद्धा चांगला दिसत होता. आणि त्याच वेळी मनात मीटर चालू होतं. दोनदा.

भरतेशला मी सांगितलं की अप्पांना न दुखावता पडताळणी करायची सोय आहे. पडताळणी कुणी केली ते अर्जदाराला दिसत नाही, हे पिरजाद्यांनीच सांगितलं होतं. तो कुरकुरत खुलाशाच्या खोलीत गेला आणि सवालाचं सांगून आला. थोड्या वेळानं पडद्यावर दोन ठिपके हिरवे झाले.

"लई गंमत आहे," पिरजादे वाचत म्हणाले. "यात लिहिलंय, सासऱ्यानं भरसभेत शब्द दिलेला असताना या परिस्थितीतल्या बहुतेक जावयांनी हप्ता सोडला असता. म्हणजे अगतिक." मग त्यांनी चष्मा काढला. "तिसरा मात्र बसत नाही. त्या महिन्यात सवालाकडं पैसे गेलेलेच नाहीत."

भरतेश खुर्चीतून उठायला लागला.

"एक ऐच्छिक असला तरी कर्ज होतं," पिरजादे घाईनं म्हणाले. "पण सहकर्जदाराचं निवेदन लागतं. वहिनींनी एकटीनं खोलीत जाऊन सांगायचं, की या हप्त्याचं कारण मला माहीत आहे. प्रणाली आवाजावरनं ताडते. माहीत नसताना माहीत आहे म्हटलं तर अर्ज रद्द. परवापर्यंत या."

आम्ही बाहेर आलो. मी त्याला म्हटलं, घरी नको, तिथं चेलना आहे. आपण कळंब्याला जाऊ.

फ्लॅटला अजून खिडक्या बसल्या नव्हत्या. जमिनीवर सिमेंटची रिकामी पोती होती, त्यांवर आम्ही बसलो. समोर तलाव दिसत होता. मी फोन काढला आणि त्याला मीटरचा आलेख दाखवला. हे मी आधी करायला हवं होतं की नाही, कुणास ठाऊक.

"हे चार आठवडे तू घरात नव्हतास. ही शेगडी कुणी पेटवली? आता खोटं बोललास तर घर जाईल, आणि घराचं मला एवढं नाही."

त्यानं आलेख बराच वेळ बघितला. कारखान्यात ओतलेलं लोखंड बघतो तसा.

"निपाणीला होतो," तो म्हणाला.

"निपाणीला कोण आहे?"

"कोण नाही. हायवेवरच्या लॉजवर राहिलो होतो. तिथनंच कामावर जायचो, कागल जवळच आहे." त्यानं फोन मला परत दिला. "तुला सोडून चाललो होतो."

पळून निघालेला माझा नवरा तासाभरावरच्या निपाणीपर्यंतच पोचला होता. दुसरी वेळ असती तर मला हसू आलं असतं.

"दोन महिने सगळा पगार तिकडं दिला. तुझ्या घरचं कुणी विचारलंसुद्धा नाही की जावई काय खातोय. मला वाटलं, यांच्यात असंच असणार. हे बोलणार, मी भरणार. आता मूल येणार, म्हणजे जन्मभर. मला भीती वाटली, त्रिशला. रागापेक्षा भीतीच जास्त." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "लॉजचं देऊनसुद्धा हप्ता भरता आला असता. यंत्र बरोबर सांगतंय. मी भरला नाही. गाडी ओढून नेतात तर नेऊ दे, सगळंच एकदा तुटू दे, असं झालं होतं."

"आणि मला रोज भात टाकलाय म्हणून सांगायचास."

"एकदा तू म्हणालीस, तू एकटा जेवतोस, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मी म्हणालो, भात टाकलाय. फोन ठेवला आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी तसाच उठून घरी आलो. आणि भात टाकला. कसा टाकायचा ते फोनवर बघून टाकला. खाली लागला. तसाच खाल्ला."

मी आलेखातला तो उंचवटा बघत होते. अशी शेगडी मी हजार वेळा बघितली असेल. हिच्यात मी बाई बघितली होती.

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीत मारावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही. "आणि पुन्हा तसं वाटलं तर?" मी विचारलं.

"तेव्हापासून वाटलं नाही."

"पण वाटलं तर?"

"तर तुला सांगेन," तो म्हणाला. मला तो खरं बोलतोय असं वाटलं. तेव्हाही तो रोज फोनवर बोलायचा आणि मला खरंच वाटायचं, हेही आठवलं.

खुलाशाची खोली म्हणजे एक काचेची पेटी. आत खुर्ची आणि समोर नुसती भिंत. आवाज बाईचा होता, शांत आणि सभ्य.

"तिसऱ्या हप्त्याचे कारण आपल्याला माहीत आहे काय?"

"माहीत आहे."

"ते आपल्याला मान्य आहे काय?"

याची कल्पना पिरजाद्यांनी दिली नव्हती. काचेतून भरतेश दिसत होता. बाकावर बसला होता, हातात माझी पर्स धरून. मान्य आहे म्हणायचं आणि बाहेर यायचं. महिनाअखेर उद्यावर आली होती. चेलनाची खोली, अप्पांसाठी राखलेली खाट, सगळं त्या एका शब्दावर होतं. पण मी त्या नवव्या महिन्याचं पोट घेऊन माहेरी बसलेल्या बाईच्या वतीनं मान्य आहे कसं म्हणू?

"मान्य नाही," मी म्हणाले.

"तरीही सहकर्जदार राहण्यास आपण तयार आहात काय?"

"हो. तयार आहे."

बाहेर येऊन मी भरतेशकडून पर्स घेतली. पिरजाद्यांच्या टेबलावर निकाल यायला चहा पिण्याइतका वेळ लागला, आणि या वेळी मी तो चहा प्यायले. मंजूर झालं. व्याज थोडं चढवलं होतं.

"मान्य नाही म्हणालात?" पिरजाद्यांना नवल वाटत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, वहिनी. पटकन मान्य आहे म्हणणाऱ्या बायकांचं कर्ज बहुतेक नाकारलं जातं. का, ते ती काही सांगत नाही."

जिना उतरताना भरतेशनं विचारलं, "काय म्हणालीस आत?"

"चढलेलं व्याज तुझ्या खर्चातनं कापणार म्हणाले मी."

आता आम्ही कळंब्याला राहतो. अप्पा हत्तीवर बसून हॉलच्या भिंतीवर आहेत, आणि दिवाळीला ते स्वतः येऊन मुकुटाची गोष्ट सांगतात. भरतेश ती मन लावून ऐकतो. दोघांची दोन गुपितं माझ्याकडे आहेत, आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्याला हे कळायचं नाही.

घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप जातो. त्याकडे मी बघत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी तपासणीवर जिथं असेन तिथं पथकापासून जरा बाजूला होते आणि आमच्या घरचं मीटर उघडते. इंडक्शनचा उंचवटा दिसला की फोन बंद करून कामाला लागते. भरतेशला मी हे कधी सांगितलेलं नाही. पण त्याला ते माहीत असावं असा मला संशय आहे, कारण पाच तारखेला भात तोच टाकतो.